तीन पद्धती, एकच निबंध

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. रायटिंगच्या कोर्सला क्लासिकल, टूल्मिन आणि रॉजेरियन अशा तीन पद्धतींनी आर्ग्युमेंट लिहायचंय. मला तिन्ही सेमच वाटतात, फरक कसा ओळखू?

उत्तर: अगं सेम नाहीयेत, एकच विषय तिन्हीत लिहून बघ म्हणजे कळेल. समज तुझं म्हणणं आहे, लायब्ररी रात्री बारापर्यंत उघडी ठेवा. क्लासिकल म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली, मुद्दा, पुरावे, विरोधकांना उत्तर, ती जमेल तुला. टूल्मिन हा ब्रिटिश तत्त्वज्ञ, त्याने 1958 मध्ये दाखवलं की दावा आणि पुरावा यांच्यामध्ये एक न बोललेला दुवा असतो. नऊला लायब्ररी बंद होताना सगळी टेबलं भरलेली असतात हा पुरावा झाला, पण म्हणून वेळ का वाढवायची? कारण मुलांना अभ्यासाला जागा देणं कॉलेजचं काम आहे हे तू गृहीत धरलंस, तेच लिहून काढ, तिथेच गडबड होते.

रॉजेरियन माझी सगळ्यात आवडती, कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवरून आलेली. यात आधी स्टाफची बाजू लिहायची, इतक्या रात्री घरी कसं जायचं ही त्यांची काळजी, आणि अशी लिहायची की ते वाचून म्हणतील, हो, हेच म्हणायचंय आम्हाला! मग मधला मार्ग, फक्त परीक्षेच्या दिवसांत वगैरे. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायचे ना, जवळपास तसंच, फक्त तिथे पुढे खंडन यायचं. आज तो स्टाफचा पॅराग्राफच लिहून बघ, आणि त्यात 'पण' एकदाही येऊ देऊ नकोस.