आजींच्या डब्यावर कोरलेले नाव

प्रश्न: आम्ही टोरंटोजवळ राहतो. गेल्या महिन्यात कराडजवळच्या आमच्या गावी माझी आजी गेली. कागदोपत्री ती ९४ वर्षांची होती, घरातले मात्र ९७ म्हणतात. मला अंत्यदर्शनाला पोहोचता आले नाही. इथल्या मित्रमंडळींनी स्मरणसभा ठरवली आहे, पण ‘ती फार प्रेमळ होती’ यापुढे मला काही सुचत नाही आणि याची लाज वाटते. माझ्या ११ आणि ७ वर्षांच्या मुलांनी तिला मोजून चार वेळा पाहिले आहे. शिवाय वर्षश्राद्धासाठी काका भाद्रपद वद्य पंचमी सांगतात आणि इथल्या देवळातले पंडितजी आश्विन कृष्ण पंचमी म्हणतात. काय करावे?

उत्तर: तिथीचा घोळ आधी मिटवू, कारण तो दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. तुमचे काका आणि पंडितजी एकाच दिवसाबद्दल बोलत आहेत. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे वद्य पक्ष आला की त्यांच्या महिन्याचे नाव आपल्यापेक्षा एकाने पुढे असते. आपला भाद्रपदातला पितृपक्ष त्यांच्याकडे आश्विनात येतो, तो याच कारणाने. पंडितजींना ‘आमचा महिना अमान्त’ एवढे सांगितले तरी पुरे. मात्र तिथी टोरंटोच्या पंचांगातून पाहावी, कारण श्राद्धाला अपराह्णकाळी, म्हणजे दुपारनंतर, असलेली तिथी धरतात आणि तुमचा अपराह्ण व कराडचा अपराह्ण यांत सुमारे दहा तासांचे अंतर असल्याने तारीख कधी कधी एका दिवसाने बदलते. वर्षभर सण करावेत की नाही, हे घराघरातल्या रीतीवर आहे. ते काकांना विचारा आणि ते सांगतील तसे करा.

आता खरा प्रश्न. तुम्हाला काही सुचत नाही याची लाज वाटण्याचे कारण नाही. तुमचे वय आज चाळीसच्या आसपास असेल, तर तुमचा जन्म झाला तेव्हा आजी पन्नाशी ओलांडून गेलेल्या होत्या. म्हणजे त्यांच्या आयुष्याचा निम्म्याहून मोठा भाग तुम्ही पाहिलेलाच नाही. दीर्घायुषी माणसाच्या बाबतीत हे नेहमीच घडते: शेवटची वीस वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात आणि पाटावर बसलेली, जपमाळ ओढणारी म्हातारी तेवढी आठवणीत उरते. विहिरीत उड्या मारणारी बारा वर्षांची मुलगी आणि तीन लेकरांना सांभाळत शेतावर भाकरी पोहोचवणारी तिशीची बाई मात्र कोणाच्या भाषणात येत नाही. तेव्हा सभा महिनाभर पुढे ढकला आणि तुमच्या जन्माआधीच्या आजींची चौकशी करा.

वयापासून सुरुवात करता येईल. त्या पिढीतल्या कागदोपत्री जन्मतारखांवर फार विश्वास ठेवू नये. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लावून मोकळे होत, आणि शाळेत न गेलेल्या बायकांचे वय कुठल्या तरी कागदावर कोणी तरी अंदाजाने टाकलेले असे. पण घटनांवरून बराच छडा लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा कराडच्या परिसरात घरोघरी माणसे अंथरुणातून बाहेर धावली. त्या पहाटे आजींच्या कडेवर कोण होते, हे आत्याला विचारा. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा बाजारहाट आजी करत होत्या की त्यांच्या सासूबाई? माहेर माण-खटावकडचे असेल तर ७२ च्या दुष्काळात तिकडे कोण खडी फोडायला गेले, सुकडी कोणी खाल्ली, हेही निघेल. वय ९४ की ९७ हे कदाचित शेवटपर्यंत ठरणार नाही, पण त्या निमित्ताने मिळणारी माहिती वयापेक्षा मोलाची आहे.

आणखी एक धागा आहे. सुमारे ८० वर्षे १० महिन्यांत हजार पौर्णिमा होतात आणि त्या सुमारास आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात. तुमच्या घरी ते झाले असेल तर त्याचे फोटो, आमंत्रणपत्रिका, कोणी वाचून दाखवलेले मानपत्र कपाटात असेल. त्यात आजींच्या तोंडून विचारून घेतलेली माहिती सापडण्याचा संभव असतो.

विचारायचे मात्र माहेरच्या माणसांना. सासरचे लोक आजींना सून म्हणून ओळखत होते. धाकटी बहीण, भावजय, माहेरची शेजारीण यांना त्या मुलगी म्हणून ठाऊक असतात. तुमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा गावी टळटळीत दुपार सरून चहाची वेळ झालेली असते. ती वेळ चांगली. ‘आजीच्या आठवणी सांगा’ असे कधीही म्हणू नका, कारण समोरची व्यक्ती लगेच ‘फार मायाळू होती हो’ म्हणून डोळ्यांना पदर लावते आणि गोष्ट तिथेच थांबते. जात्यावर कोणाबरोबर बसत होती, पहिल्या बाळंतपणाला कशातून माहेरी आली, असे वस्तूला धरून विचारावे.

भांड्यांविषयी जरा सविस्तर सांगते. माझ्या सासूबाई गेल्यावर माळ्यावरची पितळी भांडी मोडीत काढायची ठरली होती. मी सुटीत गेले होते, म्हणून एक डबा चिंच लावून घासला, तर झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेले ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे आम्ही कोणीच न ऐकलेले नाव निघाले, खाली मामांचे नाव आणि लग्नाची तारीख. लग्नात तांदळांवर नवे नाव लिहितात, तेव्हा जुने नाव कुठे जाते याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. ते त्या झाकणावर पंचावन्न वर्षे काजळीखाली होते. दुसरी भांडी तोपर्यंत तराजूवर चढून गेली होती, याची मला आजही चुटपुट आहे. तुमच्याकडे वाटण्या आणि मोडीचा तराजू यायच्या आत चुलत भावाला फोन करा आणि प्रत्येक भांड्याच्या कडेचा, बुडाचा, झाकणाचा फोटो मागवा. पाककृती लिहून घ्यायच्या असतील तर ‘दोन वाट्या’ म्हणजे आजींची नेमकी कोणती वाटी, हेही विचारा. शक्य झाल्यास तीच मागून घ्या.

सभेत मुलांना मराठीत भाषण करायला उभे करू नये. पाठ केलेली चार वाक्ये ती बोलतील आणि विसरतील. गावाहून येणाऱ्या कोणाच्या सामानात एखादे कोरीव अक्षरांचे भांडे आणता आले तर पाहा. पितळ वजनाला जड असते, म्हणून मोठा डबा न मागता झाकण किंवा तांब्या मागावा. अक्षरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की नाव कागदावर उमटते. सात वर्षांच्या मुलालाही ते सहज जमते. थोरल्याला देवनागरी वाचता येत असेल, तर ते नाव सभेत त्यानेच वाचावे आणि तुम्ही त्यानंतर बोलायला उभे राहावे.