परदेशात सरकारतर्फे कामगारविषयक सल्लागार म्हणून काम करायचं असेल तर?

प्रश्न असा आहे: "मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या खेड्यातला. नागपुरात एम.एस.डब्ल्यू. केलं. आंतरराष्ट्रीय कामगार प्रश्नांवर सरकारचा सल्लागार म्हणून परदेशात काम करता येतं, असं ऐकलं. ते काम नेमकं काय असतं, तिथवर पोचायचं कसं, आणि मराठी माध्यमात शिकलेल्याला जागा आहे का?"

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: आहे. मी साकोलीकडचा. शाळा मराठी, आई बिड्या वळायची, तिच्या बिडी कार्डावर मला शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यावर कॉलेज झालं. पुढं केंद्राच्या श्रम खात्यात नोकरी लागली. त्यातली तीन वर्षं प्रतिनियुक्तीवर आखातातल्या एका देशात, आपल्या दूतावासाच्या श्रम विभागात काढली. त्याआधी एका जूनमध्ये जिनिव्हाला जाऊन आलो होतो. आखातातल्या देशाचं नाव मुद्दाम घेत नाही. आता निवृत्त आहे. धानाच्या चार बांध्या आणि एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, एवढाच कारभार.

"सल्लागार" हा शब्द ऐकून डोळ्यांपुढं सुटाबुटातला माणूस येतो. तसा तो दोन आठवडे असतोही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, म्हणजे आयएलओ, १९१९ साली स्थापन झाली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. तिची परिषद दर जूनमध्ये जिनिव्हाला भरते. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. या प्रतिनिधींना विषयवार सल्लागार सोबत नेता येतात. तो "सल्लागार" तिथल्या घटनेतलाच शब्द आहे. १९१९ ची पहिली परिषद वॉशिंग्टनला झाली. तिथं हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीनं ना. म. जोशी गेले होते, आपलाच मराठी माणूस. तिथल्या पहिल्याच करारात आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरला. ब्रिटिश हिंदुस्थानला मात्र आठवड्याला साठ तासांची वेगळी सवलत! कोणासाठी सवलत, ते तुम्हीच ओळखा.

सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसवायची ही पद्धत आपल्याकडं १९४२ मध्ये रुजली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब श्रम सदस्य होते. (याच बाबासाहेबांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्यानं पाडलं. आमच्या भागात हा विषय निघाला की म्हातारी माणसं आजही मान खाली घालतात.)

माझा जून २०११ चा. विषय घरकामगारांचा होता. समितीत मसुदा वाचायचा आणि ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात टाकायचा. मग रात्री उशिरापर्यंत एकेक कंस सोडवत बसायचं. "शॅल" की "शुड" यावर तास जातात, कारण एकानं बंधन येतं आणि दुसऱ्यानं नुसता सल्ला उरतो. एक कंस अजून लक्षात आहे. घरातच राहणाऱ्या बाईला रात्री मालकांनी हाक मारली तर उठावं लागतं. मग हाकेची वाट पाहत पडून राहिलेला तो वेळ कामाचा धरायचा की नाही? समोरचे लोक फार गंभीरपणे बोलत होते. मला माझी मावसबहीण आठवत होती. ती नागपुरात एका घरी होती, स्वयंपाकघरातल्या फ्रिजजवळ झोपायची. ती सांगायची, "भाऊ, झोप लागते पण कान उघडेच राह्यते." शेवटी तो वेळ कामाचा धरावा असं कलम झालं, पण किती धरायचा ते ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं. १६ जून २०११ ला करार क्रमांक १८९ मंजूर झाला: बाजूनं ३९६ मतं, विरोधात १६, तटस्थ ६३. आपण बाजूनं होतो. पण करार स्वीकारून स्वतःला बांधून घेणं ही पुढची पायरी, ती आपण चढलेलो नाही. त्या वेळी याचा मला राग यायचा. आता वाटतं, राग यायला हवा, पण नोकरी करताना तो मसुद्यात उतरू द्यायचा नसतो. सल्लागार सरकारचा असतो, स्वतःचा नसतो. तुम्हाला मोर्चात बोलायची सवय असेल तर हे जड जाईल.

जिनिव्हाचं एवढंच. खरं काम दूतावासात.

तिथं दिवस असा जातो: करारनाम्यांची साक्षांकनं, मालकांचे फोन, स्थानिक श्रम कार्यालयाशी पत्रव्यवहार, तुरुंगाची भेट, कामगारांच्या कॅम्पची भेट, आणि मृत्यू. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला तिकडं कायद्यानं बंदी असते. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन. ती पाळली जाते का, हे पाहायला आपण जाऊन साइटवर उभं राहू शकत नाही. तो देश त्यांचा. आपण फक्त विचारू शकतो, आणि विचारायचं ते लेखी. या नोकरीत अधिकार फार थोडा आणि कागद फार, हे आधीच समजून घ्या.

एका शुक्रवारी ओपन हाऊस होतं, म्हणजे कोणीही यावं आणि गाऱ्हाणं सांगावं. रांगेत मल्याळी, तेलुगू, बिहारी, बंगाली. आपल्याकडचे फार थोडे. एक जण हिंदीत बोलायला लागला, "साब, मेरा पगार", आणि "पगार" म्हणताना त्याचा सूर असा लागला की मी विचारलं, "गाव कोन्तं?" तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "मोहाडी तालुका." आणि रडायलाच लागला. वयानं चाळिशीचा माणूस.

त्याच्याजवळ खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद होते. एक इंग्रजीतलं पत्र: गोदामात मदतनीस, महिना पंधराशे रियाल, राहणं कंपनीकडं. दुसरा अरबीतला करार. दुभाष्यानं वाचला: मेंढपाळ, महिना नऊशे. दोन्हींवर त्याचीच सही. दुसरी कधी केली, म्हटलं. तर मुंबईला, विमानतळाच्या दाराशी, रात्री दोनला. एजंटनं तिथंच पाकीट हातात दिलं, म्हणाला सही कर, गेट बंद होते. तो घरून एक एकर गहाण टाकून निघाला होता. तो काय परत फिरणार?

सात महिने तो वाळवंटात दोनशे मेंढ्यांपाशी होता. "मेंढ्यायचं मले काय समजते सायब, आमी धानवाले." त्यातली बारा मेली, त्याचे पैसे मालकानं पगारातून कापले.

हे ऐकताना मला आईचा मुकादम दिसत होता. हजार बिड्या मोजून द्यायच्या, त्यानं मूठभर उचलून "छाट" म्हणून बाजूला टाकायच्या. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही नाही. तीच बिडी तो पुढं विकायचा. आयएलओनं सक्तीची मजुरी ओळखायच्या अकरा खुणा दिल्या आहेत: कागदपत्रं काढून घेणं, मजुरी अडवणं, कर्जात अडकवणं, फसवणूक, एकटं पाडणं वगैरे. परदेशी सहकाऱ्यांना ही यादी प्रशिक्षणात शिकवावी लागते. तुमच्या गावातून तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या टोळीनं उचल घेतलेली असते. तिच्यासोबत एक हंगाम राहा. निम्म्या खुणा तिथंच भेटतील.

त्याचं पुढं काय झालं? मालकाला बोलावलं. तोही अगदी राक्षस नव्हता. व्हिसाला आपलेही पैसे गेले, मधल्या माणसानं आपल्यालाही लुबाडलं, असं त्याचं म्हणणं. ते खरंही असेल. शेतावरच्या आणि घरातल्या कामगारांना तिकडचा मुख्य श्रम कायदा लागूच नव्हता, त्यामुळं आमच्या हातात समजुतीशिवाय काही नव्हतं. तीन बैठका झाल्या. सातपैकी चार महिन्यांचा पगार, पासपोर्ट आणि परतीचं तिकीट. (पासपोर्ट मालकानं ठेवू नये असा तिथं कायदा होता. ठेवत सगळेच होते.) उरलेल्या तीन महिन्यांवर पाणी सोडल्याच्या कागदावर त्यानं माझ्यासमोर सही केली. ती त्याची तिसरी सही.

आता एक गोष्ट, जी मला तिथं जाईपर्यंत नीट समजली नव्हती. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे "उत्प्रवास तपासणी आवश्यक", असा शेरा येतो. असा माणूस आखातासह ठरलेल्या अठरा देशांत कामाला निघाला, तर सरकारी मंजुरी लागते. ही मंजुरी २०१४ पासून ई-मायग्रेट प्रणालीतून मिळते. त्यात करार तपासला जातो, एजंटचा परवाना पाहिला जातो, दहा लाखांचा विमा काढावा लागतो. दहावी पास झाला की हे सगळं सुटतं. आपण पोराला म्हणतो, किमान दहावी तरी हो. तो होतो, आणि त्याच दिवशी त्याच्यावरची सरकारची नजर उठते. मोहाडीवाला दहावी पास होता. ज्यांना मंजुरी लागते, त्यांनाही एजंट पर्यटक व्हिसावर पाठवतात, म्हणजे कागदोपत्री तो माणूस कामाला गेलेलाच नसतो. एजंटला कायद्यानं तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. आपल्याकडं हा आकडा कोणाला माहीत आहे? मी गावात सांगतो तेव्हा लोक हसतात.

मृत्यूचं काम मी जास्त सांगणार नाही. दवाखान्याचा दाखला, पोलिसांचा अहवाल, घरच्यांचं संमतिपत्र, दूतावासाची नोंद, पासपोर्ट रद्द करणं, शवलेपनाचा दाखला, मग विमानाच्या कार्गोत जागा. मालकानं खर्च नाकारला तर २००९ पासूनच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून पैसे देता येतात. संमतिपत्र सगळ्यात अडतं, कारण ते गावाकडून यायचं असतं. एकदा मी रात्री अकराला एका पोलिस पाटलाला फोन लावला. त्यांच्याकडं मंडई, म्हणजे गावची जत्रा होती, मागं दंडारीच्या नाचाचा ढोल वाजत होता. ते म्हणाले, थांबा सायब, जरा बाहेर येतो.

पोचायचं कसं, तर थेट "आंतरराष्ट्रीय कामगार सल्लागार" अशी जाहिरात येईल याची वाट पाहू नका. यूपीएससीतून परराष्ट्र सेवा मिळाली तर उत्तमच, दूतावासातली बहुतेक पदं त्या मंत्रालयाची. ती न मिळाली तरी केंद्रीय श्रम सेवा किंवा भविष्य निर्वाह निधी संघटनेतली पदं आहेत, दोन्हीकडची भरती यूपीएससी करते. तिथं आठ-दहा वर्षं काढून प्रतिनियुक्तीसाठी अर्ज करता येतो. निधी संघटनेत तर सामाजिक सुरक्षा करारांचं काम आहे, म्हणजे जर्मनीत किंवा बेल्जियममध्ये गेलेल्या आपल्या माणसाची वर्गणी दोनदा कापली जाऊ नये, वगैरे. कंटाळवाणं वाटतं, पण अनुभवाला फार चांगलं. आयएलओची स्वतःची नोकरी हा वेगळा रस्ता आहे. त्यांचं दिल्लीत कार्यालय आहे, पण तिथं तुम्ही सरकारचे राहत नाही. एम.एस.डब्ल्यू. दोन्हीकडं चालतं. जमलं तर श्रम कायद्याचा एखादा अभ्यासक्रम जोडा. परळला नारायण मेघाजी लोखंडेंच्या नावाची राज्याची श्रम संस्था आहे, नोएडाला व्ही. व्ही. गिरी संस्था आहे.

पैसा बरा मिळतो, परदेश भत्ता असतो. बायकोची नोकरी मात्र जाते, पोरांची शाळा दोनदा बदलते. आणि परत आल्यावर तुम्हाला पुन्हा एखाद्या प्रादेशिक कार्यालयात ग्रॅच्युइटीचे दावे ऐकायला बसवतात. मला ते आवडलं. सगळ्यांना आवडत नाही.

आता मराठी माध्यम. बोलण्याची काळजी करू नका. कॅम्पमध्ये हिंदी चालते, मालकापुढं दुभाषी असतो. अडचण येते ती लिहिताना. माणूस तासभर बोलतो, रडतो, मागचं-पुढचं सांगतो. त्यातून तुम्हाला अर्ध्या पानाचं इंग्रजी पत्र काढायचं असतं: तारीख, रक्कम, कोणत्या कलमाचा भंग, काय मागणी. दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला उत्तर टाळता येऊ नये असं. गोंदियाच्या कामगार कार्यालयात आठवड्यातून एक दिवस बसा. येणाऱ्याची तक्रार आधी त्याच्या शब्दांत मराठीत लिहा, मग इंग्रजीत अर्ध्या पानात. माझं पहिलं पत्र साडेतीन पानांचं झालं होतं. साहेबांनी ते न वाचताच परत दिलं आणि म्हणाले, यातला माणूस कोणत्या पानावर आहे तेवढं सांगा.