धनुष्यासाठी कोणते लाकूड अधिक लवचीक?

प्रश्न : यू व अॅश ही युरोपीय झाडे आणि आपला साग यांपैकी धनुष्यासाठी सर्वांत लवचीक लाकूड कोणते? तुलना घरी करता येईल का?

उत्तर : केवळ वाकणे पुरेसे नाही; वाकून पूर्ववत होणे महत्त्वाचे. यूचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) सुमारे १० गिगापास्कल, तर अॅश व साग यांचा सुमारे १२ असतो. म्हणजे यू तुलनेने कमी ताठ असूनही मजबुतीत मागे नाही, आणि म्हणूनच ते न मोडता अधिक ऊर्जा साठवते. शिवाय त्याचे सालीलगतचे फिकट लाकूड ताण सोसते, तर आतला लालसर गाभा दाब सोसतो, त्यामुळे एकाच फांदीतून जणू दोन लाकडांचे धनुष्य मिळते. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर सापडलेली शंभराहून अधिक धनुष्ये यूचीच आहेत. अॅशच्या धनुष्याचे बाहू मात्र रुंद व चपटे ठेवावेत.

घरी तुलना करताना सरळ तंतूंच्या, सारख्याच सुकलेल्या पट्ट्या घ्या, दोन टेकूंवर ठेवून मध्ये समान वजन टांगा, किती वाकते ते मोजा आणि वजन काढल्यावर किती बाक उरतो हेही नोंदवा. माझ्या मते हा उरलेला बाकच खरा निकष. जाडी मात्र काटेकोर हवी, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो : ५ मिलिमीटरऐवजी साडेपाच झाली, तर पट्टी तब्बल एकतृतीयांशाने अधिक ताठ भासेल आणि दोष विनाकारण लाकडावर जाईल.