उंदरांच्या चाचण्या सुरू करतोयस? आधी एवढं जमव

सांगलीत राहून म्यूटंट, म्हणजे जनुकात बदल असलेल्या, उंदरांवर काम करायला मिळतंय, हे तुझ्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. पहिल्या महिन्यात एकच चाचणी घे, ओपन फील्ड (उंदराला मोकळ्या पेटीत सोडून तो कसा हिंडतो ते बघायचं), आणि ती रोज अगदी तशीच करायला शीक. आकडेशास्त्र नंतर बघू.

१९९९ साली ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड इथल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच वाणांचे उंदीर आणि सारखीच उपकरणं वापरली, तरी काही निकाल जुळले नाहीत. म्हणून ठरलेल्या कृतीत ‘जरासा बदल’ करू नकोस. आयएमपीसी या उंदरांच्या जनुकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या ‘इम्प्रेस’ या संकेतस्थळावरच्या कार्यपद्धती कुणालाही वाचता येतात, त्यातलीच एक घे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शेपटीला धरून उचलणं. उंदीर घाबरतो. नळीतून किंवा ओंजळीत घे.
- पिंजरा आणला की लगेच चाचणी. खोलीत अर्धा तास तरी शांत ठेव.
- आज सगळे म्यूटंट, उद्या सगळे नॉर्मल. हे मी स्वतः केलंय. एप्रिलची दुपार, लाइट गेली, एसी बंद, आणि त्या दिवशी पेटीत नेमके म्यूटंटच. ते मंद हलत होते, आणि दोन आठवडे आम्ही तो जनुकाचा परिणाम समजत होतो. दोन्ही गट रोज मिसळून घे.
- पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर जनुकप्रकार (म्यूटंट की नॉर्मल) लिहिणं. तो कळला की बघणाऱ्याची नजर आपोआप झुकते. फक्त नंबर लिही.

वहीत वेळ, तापमान आणि उंदीर कुणी हाताळला ते त्याच क्षणी टिप. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या नैतिकता समितीची मंजुरी मात्र पहिल्या उंदराआधी हवी.