पहिला कीबोर्ड उघडताना

कीबोर्ड उघडून त्याचे सूर बदलायच्या पहिल्याच प्रयोगाला चांगलं वाद्य घेऊ नकोस. सेलवर चालणारा, खेळण्यातला जुना कीबोर्ड बघ. मेला तरी जीव हळहळणार नाही. ॲडॉप्टर बाजूला ठेव. ज्यात घरची वीज थेट शिरते, ते वाद्य तर उघडूच नकोस. बंद केल्यावरही आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) झटका देऊ शकतात.

स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. कागदावर कीबोर्डची पाठ काढ आणि ज्या जागचा स्क्रू तिथेच चिकटपट्टीनं लाव. (मी एकदा लांब स्क्रू आखूड भोकात पिळला, तो वरून टोक काढून बसला!) झाकण हळू उचल, आत बारीक तारा ताणलेल्या असतात.

खरी गंमत क्लॉकची, म्हणजे चिपला वेग देणाऱ्या ठोक्यांची. बऱ्याच जुन्या कीबोर्डांत मुख्य चिपजवळचा एक रेझिस्टर (वीजप्रवाहाला अडवणारा छोटा भाग) तिचा वेग ठरवतो. सेलवर चालू असताना एकेका रेझिस्टरवर ओलसर बोट टेकव. सूर सरकला की तोच तो. तो काढून तिथे पोटेन्शिओमीटर (नॉब फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) लाव, सोबत सिरीजमध्ये, म्हणजे त्याच्या पाठोपाठ जोडून, एक छोटा रेझिस्टर, म्हणजे नॉब शून्यावर गेला तरी चिप अडकणार नाही. अडकलीच तर सेल काढून पुन्हा घाल. क्लॉकला क्रिस्टल (ठरावीक वेगानंच थरथरणारा स्फटिक) असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.