डायमॉक्स आणि कॉर्डोमा: गोळी नेमकी कशासाठी?

वडिलांच्या कवटीच्या तळाशी असलेल्या कॉर्डोमा या दुर्मिळ गाठीवर शस्त्रक्रिया झाली, डिस्चार्ज कार्डावर असेटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स लिहिले आहे, आणि हेच औषध गाठीची वाढ रोखते असे आपल्या वाचनात आल्याने ते पुढेही चालू ठेवावे का, असे आपण विचारले आहे. थोरल्या बहिणीच्या आजारपणात मीही हाच प्रश्न घेऊन डॉक्टरांसमोर बसलो होतो.

डायमॉक्स कार्बोनिक अनहायड्रेज या विकराला (एन्झाइमला) अडवते. हे विकर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट व आम्लकण तयार करते. मेंदूभोवतीचे पाणी तयार होण्यासाठीही ते लागते, त्यामुळे ते अडवले की ते पाणी कमी तयार होते. नाकावाटे शस्त्रक्रिया केल्यावर आतून बुजवलेली जागा भरून येईपर्यंत दाब कमी राहावा, म्हणून काही सर्जन ही गोळी थोडे दिवस देतात. आपल्याकडेही बहुधा हेच कारण असावे. सर्जनांना स्पष्ट विचारून घ्यावे.

संशोधनाचा धागा निराळा आहे. प्राणवायू अपुरा पडलेल्या गाठीतील पेशी याच कुटुंबातले नवव्या क्रमांकाचे विकर आपल्या पृष्ठभागावर वाढवतात. त्यामुळे पेशीच्या आत आम्ल साचत नाही, बाहेरचा परिसर मात्र आम्लधर्मी होतो आणि शेजारच्या भागात शिरणे तिला सोपे जाते. हे विकर रोखण्याची कल्पना म्हणूनच आकर्षक आहे. परंतु असेटाझोलामाइड मूत्रपिंड, डोळे, रक्तपेशी यांतील विकरांनाही अडवते, आणि केवळ गाठीतील विकरावर नेम धरणारे एसएलसी-०१११ हे औषध माणसांवरील सुरुवातीच्या चाचण्यांपुरतेच गेले आहे. शिकागोत टेमोझोलोमाइड या कर्करोगावरील औषधाच्या जोडीने असेटाझोलामाइड देऊन पाहिले गेले, तेही ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीसाठी. कॉर्डोमा ही पाठीच्या कण्याच्या भ्रूणावस्थेतील अवशेषांतून उगवणारी, अगदी वेगळ्या स्वभावाची गाठ आहे. ती वर्षाला दहा लाखांत सुमारे एकाला होते आणि बहुधा सावकाश वाढते, त्यामुळे एखाद्या औषधाने तिला खरोखर थोपवले का, हे ठरवायलाही वर्षे जातात.

गोळी निरुपद्रवी आहे, असेही समजू नये. बहिणीच्या बोटांना सतत मुंग्या येत, सोडा बेचव लागे (हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते), आणि पोटॅशियम उतरल्यावर मात्रा कमी करावी लागली. मुतखड्याचा त्रास किंवा सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास ते आधीच सांगावे.

माझ्या मते आपली शक्ती आता किरणोपचारांच्या चौकशीत लागावी. या गाठीला बहुधा ७० ग्रेहून (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) अधिक मात्रा लागते आणि मेंदूचा देठ अगदी लगत असतो, म्हणून गाठीपलीकडच्या भागाला कमी किरण पोहोचवणाऱ्या प्रोटॉन उपचारांचा विचार होतो. खारघरला टाटा स्मारकाच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात ती सोय आहे. जाताना शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एमआरआय सीडीवर न्यावेत. नुसत्या अहवालावर आम्हाला परत पाठवले होते.