दिवाळखोरीनंतरही स्टुडंट लोनसाठी वसुलीवाले फोन करू शकतात का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: अमेरिकेत चॅप्टर सेव्हनखाली (दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली) तुमची दिवाळखोरी पूर्ण झाली, डिस्चार्जचा, म्हणजे कर्जमाफीचा, आदेश आला, क्रेडिट कार्डवाले गप्प झाले. पण शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे वसुलीवाले अजून फोन करतात, को-सायनर, म्हणजे जामीन, म्हणून सही केलेल्या तुमच्या मामांनाही. मी वकील नाही. न्यू जर्सीत एका वकिलांच्या ऑफिसात दिवाळखोरीच्या फाइली तयार करते, आणि तुमच्यासारखी घाबरलेली माणसं सतत भेटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तो आदेश काढा आणि पान उलटा. कोणती कर्जं माफ होत नाहीत ते मागे छापलेलं आहे, आणि त्यात एक ओळ आहे: बहुतेक स्टुडंट लोन. सगळी नव्हेत. तुमच्या एकेका कर्जाचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. म्हणून वसुलीवाला फोनवर 'हे माफ होतच नाही' असं ठणकावतो तेव्हा ते त्याचं म्हणणं असतं, कोर्टाचा निकाल नव्हे. तसंच 'माझं सगळं माफ झालं' हे तुमचं म्हणणंही अजून कोणी तपासलेलं नाही.

कर्ज सरकारी आहे की खासगी, यावर पुढचं बरंच काही ठरतं. शिकताना तुम्ही एफ-वन व्हिसावर असाल तर ते खासगीच असणार, कारण त्या व्हिसावर फेडरल, म्हणजे अमेरिकी सरकारचं, कर्ज मिळत नाही. फेडरल असेल तर मात्र वसुलीवाल्यांची बाजू भक्कम आहे. १९७६ साली अशा कर्जांची माफी पहिल्या पाच वर्षांपुरती अडवली गेली, १९९० मध्ये ती मुदत सात वर्षं झाली आणि १९९८ मध्ये मुदतच काढून टाकून ही अडवणूक कायमची केली. आता ही कर्जं कधी कालबाह्य होत नाहीत, आणि कोर्टात न जाताही पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कापून घेता येतात. सुटायचं तर दिवाळखोरी कोर्टातच वेगळा दावा लावून, हे कर्ज फेडणं तुमच्यासाठी असह्य आहे हे सिद्ध करावं लागतं. नोव्हेंबर २०२२ पासून फेडरल कर्जांपुरतं हे थोडं सोपं झालंय: ठरावीक फॉर्मवर उत्पन्न-खर्च शपथेवर लिहून द्यायचा, आणि सरकारी वकील निकषात बसतंय असं दिसलं तर विरोध करत नाहीत.

२००५ मध्ये खासगी कर्जांनाही माफीपासून हेच कवच मिळालं, पण सरसकट नाही. मान्यताप्राप्त संस्थेत, पदवी किंवा प्रमाणपत्राच्या शिक्षणासाठी, आणि कॉलेजने ठरवलेल्या खर्चाच्या मर्यादेत घेतलेलं कर्ज असेल तरच. त्या मर्यादेच्या वर थेट तुमच्या बँक खात्यात आलेले पैसे किंवा वकिलीच्या बार परीक्षेच्या तयारीसाठी घेतलेलं कर्ज यात बसत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये पाचव्या, दहाव्या आणि दुसऱ्या सर्किट कोर्टांनी (विभागवार फेडरल अपील कोर्टांनी) अशाच प्रकरणांत कर्जदारांची बाजू उचलून धरली. तुमचं कर्ज असं निघालं तर ते डिस्चार्जमध्येच गेलंय, आणि आत्ताची वसुली हा कोर्टाच्या आदेशाचा भंग आहे. मला चीड येते ती इथे. किती मुलं हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं हप्ते भरत राहतात!

मामांबद्दल लिहिताना मन धजत नाही, पण सांगायला हवं. तुमचा डिस्चार्ज तुमच्यापुरता असतो. तुमचं कर्ज माफ झालं तरी त्यांची जबाबदारी उरते, आणि त्यांना फोन करणं त्या कंपनीला कायद्याने करता येतं. त्यांना हे आजच सांगा, वसुलीवाल्याच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं.

फोनवर काहीही कबूल करू नका. 'सद्भावना म्हणून पन्नास डॉलर तरी भरा' हे फार गोड आवाजात म्हणतात. खासगी कर्जासाठी कोर्टात दावा लावायची मुदत संपत आली असेल तर तेवढ्या भरण्याने अनेक राज्यांत ती पुन्हा पहिल्यापासून मोजतात. त्यांची लेखी नोटीस आली की ३० दिवसांत लेखी हरकत घ्या. पुरावा पाठवेपर्यंत त्या कंपनीला वसुली थांबवावी लागते. पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पावती सांभाळा. कोणी अटकेची किंवा डिपोर्टेशनची धमकी दिली तर तो व्हॉइसमेल जपून ठेवा. कर्ज थकलं म्हणून इथे तुरुंगात टाकत नाहीत, आणि तशी खोटी भीती घालायला वसुलीवाल्यांना १९७७ च्या कायद्याने मनाई आहे.

केस बंद झालीय म्हणून हात टेकू नका. कर्ज माफ होतं की नाही एवढंच ठरवून घ्यायला ती कधीही पुन्हा उघडता येते, त्यासाठी नव्याने फी लागत नाही. वकिलांकडे जाताना मूळ करारपत्र, त्या वर्षीचा कॉलेजचा खर्चाचा अंदाज आणि पैसे कॉलेजकडे गेले की तुमच्या खात्यात हे दाखवणारं बँक स्टेटमेंट घेऊन जा. करारपत्र हरवलं असेल तर ते हरकतीच्या पत्रातच मागा.